एक उणं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आटपाट नगर म्हणावं एवढं ते मोठं नव्हतं. नदीकाठी एक आटपाट गाव होतं, इतकंच. गावच्या शाळेत तीस मुलं होती आणि त्यांतली एक होती ठकू.

गणिताचं नाव काढलं की ठकूला कापरं भरायचं. तिथले पंतोजी छडीचे भारी शौकीन. एकदा ते म्हणाले, "एकोणतीस लिही." ठकूने विचार केला, एक आणि तीस. तिने पाटीवर एकतीस काढले. आता तुम्हीच सांगा, पोरीने काही कमी डोकं चालवलं का? पण पंतोजींनी हातावर छडी ओढली, वर म्हणाले, "हिच्या डोक्यात भुसा भरलाय." सगळी शाळा हसली.

दुसऱ्या दिवसापासून ठकू शेळ्यांमागे जाऊ लागली. बाप म्हणाला, "राहू दे शाळा. शेळ्यांना कुठे पाढे लागतात?"

पुढे पंतोजी थकून आपल्या गावी गेले आणि नवे गुरुजी आले. त्यांनी मुलं मोजली. "तीस ना तुम्ही? मग एक कुठंय?"

मुलांनी माळाकडे बोट दाखवलं. गुरुजी अख्खी शाळा घेऊन माळावर गेले.

ठकू झुडपामागे लपली. गुरुजी तिथेच मातीत बसले. म्हणाले, "बाळ, एवढी ही पोरं मोजून दे. माझा मेळ बसत नाही."

शेळ्या मोजायची सवय होतीच. तिने मोजलं. "दोन दहा, वर नऊ."

"म्हणजे एकोणतीस. मग तिसाला कोण उणं?"

ठकूने सगळ्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मी."

"तेच तर. एकोण म्हणजे एक उणं. आपल्या जुन्या माणसांनी जो आला नाही, त्याची आठवण आकड्याच्या नावात ठेवली. तुझ्यावाचून आमचे तीस होत नाहीत, पोरी."

ठकूला रडू फुटलं. डोळे पुसून ती मुलांत जाऊन बसली.

त्या दिवसापासून तिला मोजायचं वेडच लागलं. चांदण्या मोजल्या, चिंचा मोजल्या, आजीचे दातही मोजले. ते लगेच संपले. पाढे तर तिने गाणी पाठ करावीत तसे पाठ केले.

वर्षं गेली. ठकू मोठी झाली, गुरुजी म्हातारे झाले, त्यांना दिसेनासं झालं. एकदा गावातली चाळीस माणसं होडीतून पलीकडच्या जत्रेला गेली. परतताना नदीचं पाणी चढू लागलं.

"आले ना सगळे?" नावाडी दोर सोडत म्हणाला.

"आले, आले," पाटील म्हणाले. "चल लवकर."

पण ठकू मोजत होती. "एकोणचाळीस," ती म्हणाली. "एक उणं आहे. दोर बांधा."

"एकासाठी सगळ्यांना बुडवतेस का?" पाटील चिडले. ठकूने तोवर किनाऱ्यावर उडी मारली होती.

जत्रेच्या मोकळ्या मैदानात, एका झाडाला टेकून, गुरुजी बसले होते. गर्दीत सोबत्याच्या हातातून त्यांचा हात सुटला होता.

"कोण? ठकू? बाळ, माझी आठवण कशी झाली?"

"तुमच्यावाचून आमचे चाळीस होत नाहीत, गुरुजी," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून होडीकडे चालू लागली.

होडी पार झाली आणि मग पूर आला. मुलांनो, आणि मुलांच्या गुरुजींनो, एवढंच ध्यानात ठेवा: गुरूला मुलाची उणीव भासली, की मुलाला विषयाची गोडी लागते.