कोष्टीआळीतून एकच गाडी

फार फार वर्षांपूर्वी, वाटेवर कोसाचे दगडही रोवलेले नव्हते त्या काळी, एका टेकडीवर एक नगर होते. वर पेठ, खाली नदीचा धक्का. पेठेतला माल धक्क्यावर न्यायला राजरस्ता होता. तो टेकडीला वळसा घालून उतरे. फरसबंद, दोन गाड्या शेजारून जातील एवढा रुंद, कडेला झाडे आणि बैलांसाठी पाण्याचे हौद. त्याचा दोष एकच. तो लांब होता.

आणि पेठेतून धक्क्याकडे सरळ उतरणारी एक आळी होती, कोष्ट्यांची.

ही आळी वाट कमी आणि अंगण जास्त. कोष्ट्यांचे माग घरात, पण ताणा दारात. मागावर चढवायचे उभे सूत आधी लांबच लांब ताणावे लागते, आणि एवढे लांब घर कोणाचे असणार? म्हणून रोज सकाळी आळीभर फुलीसारख्या बांधलेल्या काठ्यांच्या कैच्यांवर शेकडो धागे ताणले जात. त्यांना तांदळाच्या पेजेची खळ लावायची आणि ती वाळेपर्यंत कुंचा फिरवत राहायचे. मध्येच हात थांबला की धागे एकमेकांना चिकटतात. धूळ उडाली की ती ओल्या खळीत रुतते आणि कापड खरखरीत निघते. म्हणून खळ ओली असताना पाहुणासुद्धा आळीच्या तोंडाशी थांबे आणि तिथूनच खुशाली विचारी.

भिवरा ही या आळीतली सर्वांत थोरली कोष्टीण. तिची जीभ तिखट होती, पण मन मऊ होते. चूक झाली ती त्या मऊ मनामुळे.

एका सकाळी गुळाच्या ढेपा लादलेली एक गाडी आळीच्या तोंडाशी आली. गाडीवान हैबती घामाघूम झाला होता.

"मावशी, नाव सुटतेय! वळसा घालून गेलो तर धक्क्यावर नुसतं पाणी बघत बसायचं. जाऊ दे ना."

"खळ ओली आहे रे."

"एकच गाडी, मावशी!"

भिवराला दया आली. तिने हाक दिली. घराघरांतून माणसे धावली, ताणा उचलून भिंतीशी धरला, आणि गाडी गेली. चिकटलेले धागे ती संध्याकाळपर्यंत नखाने सोडवत बसली. तिला वाईट वाटले नाही. माणूस अडला होता.

दुसऱ्या दिवशी हैबती पुन्हा आला. मागे त्याचा साडू होता. साडूमागे साडूचा शेजारी. प्रत्येकाची गाडी एकच होती! कोणीही कधी दोन गाड्यांसाठी वाट मागितली नाही.

मग मागणेही बंद झाले. पेठेतून आरोळी यायची, "ए म्हातारे, उचल तुझी दोरी!" रात्रंदिवस ज्या सुतावर तिने नजर शिणवली, त्याला हे लोक दोरी म्हणत. ओसरीवरचे पाळणे आत गेले. आत धूर, बाहेर धूळ. कोष्टी पहाटे ताणा घालू लागले, तर गाड्याही पहाटे येऊ लागल्या. एका हातात कुंचा, एक कान पेठेकडे. अशा जिवाने काय विणणार? कापड खरखरीत निघाले, गिऱ्हाईक फिरले. एकेक घर माग सोडून दुसऱ्या गावी जाऊ लागले.

भिवराचा मुलगा राया एका सकाळी म्हणाला, "आई, पुढचा ताणा नीट उतरला तर राहू. नाही उतरला तर आपणही माग उचलून मामाच्या गावी जाऊ. माझ्याच्याने आता हे बघवत नाही."

भिवरा तडक खाली धक्क्यावर कोतवालाकडे गेली. कोतवाल पान लावत होता.

"रस्ता सगळ्यांचा असतो, म्हातारे."

"ते आमचं अंगण आहे."

"ज्यातून गाडी जाते तो रस्ता."

"वर्षापूर्वी जात नव्हती."

"आज जाते ना? मग झालं तर."

"आणि तो एवढा राजरस्ता कशाला बांधलाय?"

"तो लांब पडतो." कोतवालाने पान तोंडात टाकले. "एवढ्या लोकांची घाई मोठी, की तुमच्या चार घरांची पेज?"

"घाई त्यांची, धूळ आमची, आणि पान तुमचं!" असे म्हणून भिवरा उठली.

आळी गाड्यांनी तुंबली होती, म्हणून ती राजरस्त्याने परत निघाली. आणि मध्येच थबकली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. मधोमध एक कुत्रे पाय ताणून झोपले होते. हौदातल्या पाण्यावर शेवाळ धरले होते. एवढा रुंद, एवढा स्वच्छ रस्ता, आणि धुळीचा कण नाही!

भिवरा झपाझप घरी आली. "राया, कैच्या उचल. आपण ताणा राजरस्त्यावर घालायचा."

"आई, कोतवाल फटके देईल!"

"देऊ दे. फटक्याने पाठ सुजते, सूत तुटत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी आळी राजरस्त्यावर आली. ताणा पडला, खळ लागली, कुंचे फिरू लागले. वार्ता ऐकून कोतवाल शिपायांसह धावत आला.

"उचला हे! हा राजरस्ता आहे, गाड्यांसाठी आहे!"

"गाड्या?" भिवराने हात न थांबवता मान वळवली. "कुठे आहेत गाड्या? त्या तर आमच्या दारात आहेत. ज्यातून गाडी जाते तो रस्ता, असं तुम्हीच म्हणालात. मग ज्यावर ताणा पडतो ते अंगण. आमच्या अंगणात यायचं तर चपला काढून या."

कोष्टी खो खो हसले. कोतवालाचा चेहरा लाल झाला. "कापा रे ते सूत!" तो ओरडला. शिपायांनी सुऱ्या काढल्या.

तेवढ्यात वळणावरून राजाचा रथ आला. आळीत मावणार नाही एवढा तो रुंद होता, म्हणून राजा अजून याच रस्त्याने धक्क्यावर जात असे. घोडे ताण्यापुढे थांबले.

"काय आहे हे?" राजाने विचारले.

"महाराज, खळ ओली आहे," भिवरा म्हणाली. "आता हात थांबवला तर सगळं चिकटेल. वाळेपर्यंत थांबावं लागेल."

राजा आयुष्यात कोणासाठी थांबला नव्हता. तो खाली उतरला, येरझाऱ्या घालू लागला, सारखा सूर्याकडे बघू लागला. मग कुंचा फिरवणारे ते हात बघता बघता उभाच राहिला.

"हे तुम्ही घरी का करत नाही?"

"घरूनच आलोय, महाराज. घरात गाड्या आहेत."

राजा कोतवालाकडे वळला. "गाड्या तिथे कशाला?"

"महाराज, तो रस्ता जवळचा..."

"कोणाला जवळचा?"

राजा पायीच आळीकडे निघाला. मागोमाग राया आणि भिवरा, कुंचा शेजारणीच्या हाती देऊन. आळीत वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या. वळायला जागा नव्हती. मधोमध हैबती बैलांवर आणि सगळ्या जगावर खेकसत होता. त्याची नाव कधीच सुटली होती.

राजाला पाहून त्याने हात जोडले, मग भिवराकडे बघून म्हणाला, "मावशी, खरं सांगतो, माझी एकच गाडी होती."

"हो रे बाबा," भिवरा म्हणाली. "तुझी एकच होती, त्यांचीही एकेकच होती. आमची आळीही एकच होती."

हैबतीने मान खाली घातली.

त्याच दिवशी राजाने आळीच्या दोन्ही तोंडांशी दगडी खांब रोवायला लावले. माणूस जाईल, गाय जाईल, आजाऱ्याची डोली जाईल. गाडी जाणार नाही. कोतवालाचा पट्टा संध्याकाळपूर्वी उतरला. गाडीवान कुरकुरले, पण थोडे लवकर निघू लागले, आणि राजरस्त्याने सगळ्यांना नाव मिळू लागली.

राजरस्त्यावरचा ताणा दुपारी वाळला. रायाने तो गुंडाळला, त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "नीट उतरला, आई." मामाच्या गावचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

पण जी घरे आधीच उठून गेली होती, ती परत आली नाहीत. राजाने माणसे पाठवली, मानाने बोलावले. त्यांनी नव्या गावात माग रोवले होते, मुले तिथे रुळली होती. आळीतली ती दारे मिटलेलीच राहिली.

तात्पर्य: आपला वेळ वाचवताना तो कोणाच्या दारातून वाचतो आहे, हे आधी पाहावे.