तंबोऱ्याचे तिकीट

सन २०१८, जानेवारीचा पहिला आठवडा, ऐन थंडी. मिरजेत दस्तगीर नावाचा तंबोरे करणारा एक कारागीर होता. दिल्लीच्या गायिका कुमुदबाई यांनी त्याच्याकडून एक तंबोरा करून घेतला. सामानात टाकला तर त्याचा भोपळा फुटेल, म्हणून त्यांनी विमानाच्या दोन तिकिटांचे पैसे पाठवले. एक आसन दस्तगीरचे, शेजारचे तंबोऱ्याचे.

गावातल्या जयवंत माळगे या एजंटाने दोन्ही तिकिटे काढली. दोन्हींचे भाडे पूर्ण घेतले.

जाण्याच्या दिवशी दिल्लीत धुके पडले. कंपनीने विमानच रद्द केले. दस्तगीर पुण्याच्या विमानतळावरून तंबोरा घेऊन परत आला. चार दिवसांनी कंपनीने दोन्ही भाडी जयवंतकडे जमा केली. जयवंतने दस्तगीरच्या हाती एकच ठेवले. पैसे माणसाचे परत मिळतात, वस्तूचे नाही, असे त्याने सांगितले.

दस्तगीरला ते पटले. जवारी काढून तारांचा आवाज खुलवल्याशिवाय त्या धंद्यातली माणसे तंबोऱ्याला वाद्य म्हणत नाहीत, मुके लाकूड म्हणतात. या तंबोऱ्याची जवारी तर दिल्लीत, बाईंसमोर काढायची होती. मुक्या लाकडाला कसला हक्क, असे त्याला वाटले. शिवाय दुकानात उभे राहून पैशासाठी वाद घालणे त्याला कमीपणाचे वाटे. पण बाईंचे पैसे अडकवून ठेवणे त्याला त्याहून जड होते. नव्या लाकडासाठी राखलेल्या पैशांतून त्याने दुसरे भाडे भरले आणि दोन्ही त्यांना पाठवून दिली. लाकूड घ्यायला काही उरले नाही. त्याचे काम थांबले.

आठ दिवसांनी, दस्तगीरने दिल्लीला यायची नवी तारीख ठरवायला बाईंचा फोन आला. बोलता बोलता ही हकीकत निघाली. कंपनीने स्वतः विमान रद्द केले की घेतलेल्या प्रत्येक आसनाचे भाडे परत मिळते, त्यावर कोण बसणार होते हे कोणी बघत नाही, असे त्यांनी बजावले.

दस्तगीर जयवंतच्या दुकानात गेला. तिथे चार गिऱ्हाइके बसली होती. त्याने दुसरे भाडे मागितले.

जयवंत हसला. “चाचा, भोपळ्याला कुणी पैसे परत देतं व्हय? सही करील का तो?”

गिऱ्हाइकेही हसली.

“तिकीट काढताना त्याची सही लागली नाही,” दस्तगीर म्हणाला. “भाडं माणसाचं घेतलंत. कंपनीनं काय पाठवलं ते दाखवा. एकच भाडं असेल तर मी निघतो.”

जयवंतने काही दाखवले नाही. टेबलावरचे कागद इकडचे तिकडे केले. कोपऱ्यात बसलेल्या एका म्हातारीने सुनेला विचारले, “आपली तिकिटं काढून झाली का गं?”

“अजून नाही, आई.”

“मग ऊठ.”

जयवंतने खण उघडला. दुसऱ्या तिकिटाचे पूर्ण भाडे मोजून टेबलावर ठेवले. दस्तगीरने ते पुन्हा मोजले, घेतले आणि तो गेला.

तात्पर्य: हक्काचे मागण्यात कमीपणा नाही, दुसऱ्याचे ठेवून घेण्यात आहे. न विचारता गप्प बसणारा ठेवून घेणाऱ्यालाच मदत करतो.