कबऱ्याच्या पाठीवरचं पाणी

फार पूर्वी एका डोंगरावर देवाला विचारून बोकड कापत. बोकडाच्या पाठीवर गार पाणी ओतायचं. तो शहारला की देवाने होकार दिला म्हणायचं आणि मगच सुरी चालायची. कळपाचा म्होरक्या, गळ्यात घंटा असलेला म्हातारा बोकड, पिल्लांना सांगायचा, "शहारतो तो देवाचा लाडका." त्याच्या स्वतःच्या पाठीवर मात्र कधी पाणी पडलं नव्हतं.

एका जत्रेत कबऱ्या नावाचा तरणा बोकड पाणी ओतलं तरी दगडासारखा उभा राहिला. पुजारी थांबला, ढोल थांबले.

"अरे, गार पाण्याने कुणीही शहारेल," कबऱ्या कळपाला म्हणाला. "त्यात देव कुठे आला? तुम्हीही हलू नका, सगळेच वाचू."

"हा आपल्या देवाला खोटं पाडतोय," म्हातारा ओरडला, "आणि तुम्ही बघत बसलात?"

कळपच कबऱ्यावर धावून गेला. ढुशांवर ढुशा बसल्या, तसं त्याचं अंग थरथरलं आणि ढोल पुन्हा वाजू लागले. "दिला, देवाने कौल दिला!" कळप आनंदाने ओरडला.

पण कबऱ्याच्या अंगावरचं पाणी ढुशा देणाऱ्यांच्या पाठीवर उडालं होतं. एकेक जण शहारू लागला, तसा पुजाऱ्याने पुढच्या बोकडाचा कान धरला. घंटेवाला तेवढा लांब, कोरडा उभा होता.