उंबरभाटाची उघडी माती

वसईकडच्या उंबरभाटात नाताळचा गोठा पाहायला लोक लांबून येतात. गोठ्यापुढे नाचणीची हिरवीगार शेती पेरलेली असते, पण मधोमध सुपाएवढी माती उघडीच. पाहुणे म्हणतात, इथे पेरायचं राहिलं वाटतं. मग देवळाची चावी सांभाळणारे जुजेबाबा घसा खाकरतात.

फार वर्षांपूर्वी गोठा उभारायचा मान कैतानचा होता, असे सांगतात. देवळात पुढे, कामात पुढे, आणि ते चारचौघांनी पाहावं ही हौसही दांडगी. त्या वर्षी नाताळाआधीचा आगमनकाळ लागला तेव्हाच बावखलाचा, म्हणजे गावच्या तळ्याचा, तळ दिसू लागला होता. रहाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. रविवारची पाळी रेमेतबायची. ही एकटी विधवा, एक बैल आणि थोड्या पानवेली, एवढाच तिचा संसार. ती झाडांआड रहाटावर बैल हाकायची, आणि खाली कैतान पाट फोडून अर्धं पाणी देवळाच्या अंगणात वळवायचा. देवाच्याच कामाला तर घेतोय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

असे तीन रविवार गेले. नाचणी तरारली आणि गावाने त्याला डोक्यावर घेतलं. कैतान मात्र प्रार्थनेला गुडघे टेकायचा आणि मन ठरायचं नाही. डोळे मिटले की रहाटाची करकर कानात यायची, म्हणे. उपास केले, जपमाळ वाढवली, पण जीवाला शांती म्हणून नव्हती. कारण ठाऊक होतं, आणि तेवढंच त्याला ओठांवर आणवत नव्हतं.

चौथ्या रविवारी रेमेतबाय गोठ्यापाशी आली. म्हणाली, “माझ्या वेली गेल्या रे कैतान. पण बाळ येशूला हिरवळ झाली, तेवढंच समाधान.”

कैतानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या गावादेखत तो म्हणाला, “बाय, हे तुझंच पाणी. मी चोरलं.”

ती म्हणाली, “पाणी कमी येतं म्हणून तीन रविवार मी बैलाला मारत होते.”

कैतानने मधली नाचणी दोन्ही हातांनी उपटली, तिच्या दारी जाऊन बैलापुढे धरली. बैलाने ती मुकाट खाल्ली. रेमेतबायने पुढे त्याला क्षमा केली, फादरांनीही केली. पण त्या मुक्या जनावराकडे मान वर करून पाहणं त्याला मरेपर्यंत जमलं नाही. उपटलेल्या जागी पुढच्या वर्षी पेरलं ते उगवलं नाही, म्हणून तिथे पेरणंच सुटलं, असे म्हणतात.

आजही आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उंबरभाटात कुणी थेट नाचणी पेरत नाही. आधी शेजाऱ्याच्या दारात जाऊन विचारायचं, “तुमचं पाणी माझ्याकडे आलंय का?” विचारणाऱ्याची मान खाली असते. आणि ऐकणारा चटकन ‘नाही’ म्हणत नाही, कारण त्यालाही अजून कुणाच्या तरी दारात जायचं असतं.