पिंपळटेकाला नळ मिळाला त्याची गोष्ट

शहराला खेटून असलेल्या एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. गावाचं नाव पिंपळटेक. शहर परातीतल्या फुगलेल्या कणकेसारखं काठाबाहेर येत चाललं होतं. तेव्हा शहरानं ठरवलं, भोवतालच्या गावांना सोबत घेऊनच पुढचा आराखडा करू. दर गावानं बैठकीला एक माणूस धाडावा.

पिंपळटेकात वरच्या आळीचा माणूस खालच्या आळीला चालेना, खालचा वरच्यांना. गुणाजी दोघांना चालला. त्याला आजवर कुठल्याच आळीनं जमेत धरलं नव्हतं.

गुणाजीला मात्र शहराकडून एकच गोष्ट हवी होती. नळ. विहिरीचं पाणी ओढून ओढून त्याची बायको कौसल्या कंटाळली आणि माहेरी निघून गेली होती. जाताना एवढंच म्हणाली, "दारात नळ आला की न्यायला या. त्याआधी आलात तर जेवून परत जा."

गुणाजी सल्ल्याला शिवलिंगअप्पांकडे गेला. अप्पांचं गावात किराणा दुकान. जन्मात दुकानाखेरीज काही चालवलं नव्हतं, म्हणून जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांच्यापाशी दुकानातलाच तोडगा असे.

"सोपं आहे," अप्पा म्हणाले. "शहरवाले बोलायला लागले की उठायचं आणि चालू लागायचं. मागून हाक येतेच. माझी गिऱ्हाइकं रोज हेच करतात."

बैठकीत शहराच्या साहेबांनी पिंपळटेकाला शहरबस देण्याचा विषय काढला. गुणाजी उठला आणि चालू लागला. दारापाशी घुटमळला. फाटकापाशी चप्पल काढून पुन्हा घातली. पानटपरीपाशी उगाच उभा राहिला. हाक काही येईना. तसाच चालत तो गावात पोचला. बस शेजारच्या खडकमाळला गेली.

अप्पांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अरे, हाक आली नाही तर बसून राहावं. पदरात काही पडल्याशिवाय जागचं हलू नये.

पुढच्या बैठकीत विषय होता, शहराचा कचरा कुठं टाकायचा. विषय निघताच एकाला फोन आला. दुसऱ्याची म्हैस व्यायला झाली. तिसऱ्याला वाटलं, आपण चुकून भलत्याच बैठकीला आलोय. खोली रिकामी झाली. गुणाजी बसून होता. साहेबांनी विचारलं, तुम्ही नाही जात? गुणाजी म्हणाला, "पदरात काही पडल्याशिवाय मी हलत नसतो."

साहेबांनी उठून गुणाजीचे दोन्ही हात हातात घेतले. कचरा डेपो पिंपळटेकाला मिळाला. अशा सज्जन गावाला काहीतरी द्यायला हवं म्हणून साहेबांनी नळयोजनाही मंजूर केली.

गावानं नाकाला पदर नि उपरणी लावली. अप्पांनी पुन्हा शिकवलं. माल दारात आला की आत डोळा घालून बघावा. पोकळ निघाला तर उतरूनच घेऊ नये.

थोड्याच दिवसांत नळाच्या पाइपांचा ट्रक वेशीत आला. पहिला नळ कुणाच्या आळीत, यावर अख्खं गाव देवळात भांडत बसलं होतं. वेशीत एकटा गुणाजी. त्यानं एका पाइपाला डोळा लावला. पलीकडच्या टोकाला ड्रायव्हर दिसला. दुसरा बघितला. तिथूनही ड्रायव्हरच दिसला.

"हे सगळे पोकळ आहेत," गुणाजी म्हणाला.

"मामा, पाइप पोकळच असतो."

"मग भरून आणा."

ट्रक परत गेला.

आता गाव पेटलं. अप्पांच्या सल्ल्यानं तीनदा माती खाल्ली होती, पण गावात दुसरं दुकान नव्हतं. सगळे पुन्हा अप्पांच्याच ओट्यावर जमले. अप्पा बराच वेळ तराजूचं पारडं पुसत राहिले. मग म्हणाले, "आता शेवटची बैठक. घासाघीस करायची. साहेब म्हणेल त्याच्या बरोब्बर उलट मागायचं. मग तो निम्म्यावर येतो. धंदा सगळा इथंच आहे, बाबा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. असं चोख कुणाला सुचलंच नव्हतं.

साहेब कचऱ्याचे उपकार विसरले नव्हते. पाइपांचं प्रकरण त्यांनी पोटात घातलं आणि गुणाजीला जवळ बसवून चहा पाजला. म्हणाले, "तुमच्या गावाला पाच वर्षं घरपट्टी माफ. आणि घरोघरी नळ देतो."

गुणाजीनं बशी खाली ठेवली. "उलट करा."

"उलट म्हणजे?"

"नळ माफ करा. पट्टी द्या."

साहेबांनी गुणाजीकडे पाहिलं. मग कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं कागद पुढं सरकवला होताच.

गुणाजीनं पाव किलो पेढे घेतले आणि गावाकडे न जाता थेट सासुरवाडी गाठली. कौसल्या दारातच धुणं वाळत घालत होती.

"आला नळ?" तिनं विचारलं.

"अगं, त्याहून मोठं काम झालं. अप्पा म्हणाले होते, साहेब निम्म्यावर येईल. निम्म्यावर कुठला, एका शब्दात पुरता माझ्याकडे आला. पाच वर्षं नळ माफ. आता कुणाची टाप नाही आपल्या दारात नळ आणायची." त्यानं तिच्या हातावर पेढा ठेवला. "चल, आवर लवकर. दिवस मावळायच्या आत विहिरीवर पोचू."