कागदावरचा साकव

एका गावात, म्हणजे बोरखिंडीत, एक भोळा शिपाई होता. त्याचं नाव हरबा. गावाला ग्रामपंचायत होती, पंचायतीला कार्यालय होतं आणि कार्यालयाला हरबा होता. झाडलोट करायची, दवंडी द्यायची, नळाला पाणी सोडायचं, चहा सांगून यायचं, ही त्याची कामं. डोकं त्यानं कधी चालवलं नाही. तसं कुणी सांगितलंच नव्हतं.

पण एक होतं बरं का. सांगितलेली गोष्ट हरबा विसरायचा नाही. एकदा सांगितलं की जन्मभर धरून ठेवायचा. कुठं वापरायची, एवढंच काय ते त्याला कळायचं नाही.

हरबा राहायचा ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. वीस-बावीस घरं, आणि मध्ये ओढा. पावसाळ्यात छातीला पाणी लागायचं. माणसं चपला डोक्यावर घेऊन येजा करायची. मागच्या वर्षी हरबाची बायको हौसा गवताचा भारा घेऊन येत होती. मधल्या शेवाळलेल्या दगडावरनं तिचा पाय घसरला. भारा वाहून गेला, गुडघा कायमचा गेला. ओढ्यावर एक साकव व्हावा, पायी जाण्यापुरता छोटासा पूल, एवढंच त्याचं मागणं.

हे मागणं तो दर महिन्याला भाऊसाहेबांकडं मांडायचा. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. पंचायतीचं लिहिणं, पैसा, हिशेब सगळं त्यांच्या हाती. सरपंचांना सही कुठं करायची, तेवढं ते बोटानं दाखवायचे.

"भाऊसाहेब, आमचा साकव?"

"होईल रे, होईल," भाऊसाहेब म्हणायचे. "आधी दोन खराटे घेऊन ये बाजारातनं."

हरबा गेला आणि दोन खराटे घेऊन आला.

"पावती कुठाय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"कशाची?"

"खराट्यांची."

"खराटे आणलेत की. हे काय, दोन."

"अरे बाबा, सरकारी पैसा आहे हा. उद्या आडिट आलं तर त्यांना काय खराटे दाखवू? हे बघ, कुणालाही काही द्यायचं असलं तर आधी त्याची सही घ्यायची. सही येत नसेल तर अंगठा. हे शाईचं पॅड खिशात ठेव. आणि खिशातनं हलवायचं नाही."

हरबानं मान डोलावली. पॅड खिशात ठेवलं आणि हलवलं नाही. सदरा धुवायला टाकला तरी पॅड खिशातच. हौसाच्या दोन्ही लुगड्यांवर निळे डाग पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढच्या नळावर बायकांची रांग लागली. हरबा नळापाशी वही घेऊन बसला.

"अंगठा," तो म्हणाला.

"कशाला?" पहिली बाई म्हणाली.

"पाणी द्यायचंय."

एक हंडा, एक अंगठा. पाणी सुटायचं तासभर. तासाभरात अकरा हंडे भरले आणि पाणी गेलं. उरलेल्या बायका रिकामे हंडे घेऊन तशाच कार्यालयात शिरल्या. ज्यांना पाणी मिळालं होतं, त्याही शिरल्या. त्यातली चंद्राकाकू म्हणाली, "भाऊसाहेब, अंगठ्याची शाई पिठात उतरली. माझ्या घरची माणसं निळी भाकरी खाऊन शेतावर गेली."

बायका गेल्यावर भाऊसाहेबांनी हरबाला समोर उभं केलं. "अरे, लोकांची कामं अशी अडवून धरतात का? आधी काम, मग कागद. कागद मागनं कधीही करता येतो."

हे मात्र भाऊसाहेबांनी अनुभवानं सांगितलं. हरबानं मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात भाऊसाहेब तालुक्याला निघाले. जाता जाता म्हणाले, "हरबा, त्या नाऱ्या रंगाऱ्याला विचारून ठेव, कार्यालय रंगवायचे किती घेशील म्हणून."

हरबा रंगाऱ्याच्या दारात गेला. किती घेशील ते विचारणार होता, तेवढ्यात त्याला आठवलं. आधी काम, मग कागद. मग त्यानं काही विचारलं नाही. "चल," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी भाऊसाहेब परत आले आणि कार्यालयावरनं तसेच पुढं गेले. ओळखलंच नाही त्यांनी. कार्यालय गुलाबी झालं होतं. एका लग्नघराचा उरलेला रंग रंगाऱ्याच्या घरी पडून होता, तो सगळा संपला. आतल्या भिंतीवर घरपट्टी थकवणाऱ्यांची यादी होती, तीही रंगाखाली गेली. यादीत पहिलं नाव रंगाऱ्याचंच होतं.

"किती घेणार म्हणाला तो?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"ते मागनं लिहून देतो म्हणालाय."

मागनं त्यानं लिहून दिलं. चव्वेचाळीस हजार.

भाऊसाहेब खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हरबा, नीट ऐक. असं एकालाच धरून आणायचं नसतं. निदान तिघांना विचारायचं. तिघांचे आकडे घ्यायचे आणि सगळ्यांत कमी जो सांगेल त्याला द्यायचं. किती?"

"कमी."

"शाबास."

मग आला बाजाराचा लिलाव. बोरखिंडीचा बाजार दर गुरुवारी भरायचा. बसणाऱ्या विक्रेत्यांकडनं पट्टी गोळा करायचा ठेका पंचायत वर्षाला एकाला द्यायची. जो जास्त पैसे देईल त्याला. नेमकं त्या दिवशी सरपंच लग्नाला गेलेले आणि भाऊसाहेबांना तालुक्याहून बोलावणं. ते हरबाला म्हणाले, "बोली लावून घे. दोन तासांत येतोच मी."

दगडू माळवदकर बारा हजार म्हणाला. शंकर शिंपी नऊ हजार म्हणाला.

"दोनच झाले," हरबा म्हणाला. "तिसरं कोण?"

तिसरं कुणी नव्हतं. पायरीवर आलं-लसूण विकणारी तानूआजी सावलीला टेकली होती. ती हसत म्हणाली, "मी देते बाबा अकरा रुपये."

"दिला," हरबा म्हणाला.

भाऊसाहेब आले तेव्हा तानूआजी अकरा रुपये मोजून, अंगठा उठवून, बाजारात पट्टी गोळा करायला गेली होती. पट्टी म्हणून ती प्रत्येकाकडनं कोथिंबिरीची एक काडी घेत होती. बाजार खूश होता.

"तिघांना विचारलं, भाऊसाहेब," हरबा म्हणाला. त्याला वाटलं, या वेळी तरी शाबासकी मिळेल.

भाऊसाहेबांनी डोक्याला हात लावला. बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, "हरबा, तुझ्या पाया पडतो. इथनं पुढं तू विचार करू नकोस, कुणाला विचारू नकोस, काही बघूही नकोस. फक्त कागद वाच. कागदावर आहे ते आहे. कागदावर नाही ते नाही."

हरबाला हे फार आवडलं. आजवर सांगितलेल्यांत हेच सगळ्यांत सोपं होतं.

श्रावणात पत्र आलं. जिल्ह्याहून तपासणीला पाटोळे मॅडम येणार. पंचायतीला आलेला पैसा कुठं गेला, ते बघायला. भाऊसाहेबांनी हरबाला फायली पुसायला बसवलं. हरबा पुसता पुसता वाचू लागला. अक्षर लावत लावत तो एका फायलीच्या चौदाव्या पानावर आला आणि थांबला.

पानावर लिहिलं होतं, ओढ्यावर साकव बांधणे. लांबी बारा मीटर. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. खर्च चार लाख ऐंशी हजार. तारीख चैतातली. काम पूर्ण.

हरबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भाऊसाहेब, साकव झाला?"

भाऊसाहेबांनी झटकन दाराकडं बघितलं. बाहेर कुणी नव्हतं. "कागदावर काय आहे?"

"काम पूर्ण."

"मग झाला की."

"पण मी आज सकाळी ओढ्यातनंच आलो. छातीपर्यंत भिजलो."

"मी काय सांगितलंय तुला?"

"कागदावर आहे ते आहे."

"हां. मॅडमनी विचारलं तर एवढंच सांगायचं."

हरबा त्या दिवशी धावतच घरी गेला. ओढ्यातनंच गेला, कारण घाईत होता. "हौसे, आपला साकव झाला."

हौसा गुडघ्याला तेल लावत बसली होती. तिनं दारातनं ओढ्याकडं बघितलं. "कुठाय?"

"ओढ्यावर. चैतातच झालाय. लोखंडी कठड्यांचा."

"मग तुम्ही भिजलात कशानं?"

"मला माहीत नव्हतं ना."

तेलाची वाटी तिनं बाजूला सारली. मग म्हणाली, "त्या मॅडम यायच्यात ना उद्या? त्यांना दाखवा तेवढा. जवळनं दाखवा."

हरबानं मान डोलावली.

पाटोळे मॅडम आल्या. बारकीशी बाई, हातात छत्री, बोलणं कमी. खराट्यांची पावती मागितली, नव्हती. गुलाबी भिंती बघितल्या. बाजाराचे अकरा रुपये दोनदा वाचले. भाऊसाहेबांनी तिसरा चहा मागवला. मॅडमनी चौदावं पान उघडलं.

"साकव बघू या."

"अगदी बघण्यासारखा झालाय," भाऊसाहेब म्हणाले. "पण वाट फार चिखलाची आहे हो, मॅडम. कागद आहेतच की सगळे."

"मी दाखवतो," हरबा म्हणाला. "जवळनं."

भाऊसाहेबांनी डोळे वटारले. पण हरबाला बघायचं नाही म्हणून सांगितलेलं होतं. त्यानं बघितलं नाही.

सगळे ओढ्यावर आले. मागनं निम्मं गाव आलं. पलीकडच्या काठावर हौसा आणि वस्तीची माणसं उभी होती. पाणी गढूळ होतं आणि वेगात होतं.

"मॅडम, हा साकव," हरबा म्हणाला.

"कुठं?"

"पान चौदा."

हरबानं फाईल डोक्यावर धरली आणि साकवावर पाऊल टाकलं. गुडघाभर गेला. कमरेएवढा गेला. छातीएवढा गेला. तो थांबला नाही. डावा हात त्यानं कठड्यावर ठेवला होता, म्हणजे हवेत. तसाच चालत पलीकडं पोचला आणि वळून ओरडला, "या मॅडम, भक्कम आहे. मध्ये जरा खचलाय एवढंच."

मॅडमनी छत्री मिटली. "भाऊसाहेब, आता तुम्ही जाऊन दाखवा."

"मी?"

"काम पूर्ण म्हणून सही तुमचीच आहे ना? साकव नसेल तर तसं लिहून द्या."

भाऊसाहेबांनी एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा मॅडमकडं बघितलं. चार लाख ऐंशी हजारांचा विचार केला. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि निघाले. मध्यावर तो शेवाळलेला दगड होताच. हौसाचा गुडघा घेणारा. भाऊसाहेब त्यावरनं घसरले आणि आडवे झाले. पाणी छातीएवढंच, पण भाऊसाहेब उभं राहायचं विसरले. त्यांनी दगडाला मिठी मारली.

"हरबा, बुडालो रे. ये लवकर."

हरबा फाईल डोक्यावर धरून त्यांच्याजवळ आला. त्याला नवल वाटलं. "बुडाल कसं, भाऊसाहेब? तुम्ही साकवावर आहात."

"साकव नाही रे इथं. बांधलाच नाही. हात दे मला."

हरबानं हात पुढं केला आणि मागं घेतला. त्याला आठवलं. कुणालाही काही द्यायचं तर आधी सही. आणि साकव नाही हे तर कुठल्याच कागदावर नव्हतं. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, चौदावं पान उलटं केलं आणि मागं लिहू लागला.

"काय करतोस?"

"लिहून घेतोय."

"नाकात पाणी चाललंय माझ्या. लवकर कर."

"सावकाश लिहू द्या, भाऊसाहेब. खाडाखोड आडिटला चालत नाही."

अक्षराला अक्षर जोडत हरबानं लिहिलं, साकव नाही. बांधलाच नाही. मग खिशातलं पॅड उघडलं. भिजलं होतं, पण शाई होती. भाऊसाहेबांचा हात दगडाला घट्ट चिकटला होता. हरबानं त्यातला अंगठा सोडवला, पॅडवर दाबला, कागदावर उठवला, नीट उमटला की नाही ते बघितलं. मग त्यांना बाहेर काढलं.

मॅडमनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि आपल्या बॅगेत ठेवला. भाऊसाहेबांच्या दातांवर दात आपटत होते. पलीकडच्या काठावर हौसा पदर तोंडाला लावून बसली होती.

पुढं बरंच झालं. भाऊसाहेबांकडनं पैसे वसूल झाले आणि ते गेले. नवे ग्रामसेवक आले. दुसऱ्या चैतात ओढ्यावर खराखुरा साकव उभा राहिला. बारा मीटर, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे.

आषाढात ओढा भरून आला. हौसा डोक्यावर भारा घेऊन, एक हात कठड्यावर ठेवून, साकवावरनं घरी चालली होती. मध्यावर आली आणि तिनं खाली बघितलं. खाली छातीएवढ्या पाण्यात, चपला डोक्यावर घेऊन, हरबा चालला होता.

"अहो, वर या की."

"कसा येऊ?" हरबा म्हणाला. "कागदावर साकव नाही. मीच लिहिलंय, भाऊसाहेबांचा अंगठा आहे खाली."