काळ्या पडद्यावरचा त्रिकोण

एकदा एका वृद्ध संगणकतज्ज्ञाकडे एक तरुणी शिकायला आली. नकाशे काढण्याच्या नोकरीतून तिने दोन महिन्यांची रजा काढली होती. तयार साधनांच्या कुबड्या न घेता थेट यंत्राशी बोलून पडद्यावर चित्र उभे करावे, ही तिची फार दिवसांची ओढ होती.

वृद्धाने पहिला पाठ दिला, "एक त्रिकोण काढून दाखव."

तिला हसूच आले. पण तीनशे ओळी लिहून प्रोग्राम चालवला, तर पडदा नुसता काळा. कुठे चुकले हे सांगणारे एक अक्षरही नाही. तिने सगळे पुसून पुन्हा लिहिले, पुन्हा काळा. असे चार वेळा झाले. जिद्दी माणसाची ही खोडच असते. चूक शोधण्यापेक्षा सगळे मोडून नव्याने मांडणे त्याला सोपे वाटते.

रजेचे शेवटचे दोन दिवस उरले, तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, सोमवारी मी कामावर रुजू होते. हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. एवढं पुसते आणि विषय सोडते."

"पुसू नकोस. सरक जरा," वृद्ध म्हणाला.

त्याने तिच्या ओळी वाचल्यासुद्धा नाहीत. पार्श्वभूमीचा रंग ठरवणारी एकच ओळ शोधली, काळ्याच्या जागी भडक गुलाबी रंग घातला आणि प्रोग्राम चालवला.

गुलाबी पडद्याच्या मधोमध तिचा त्रिकोण उभा होता. काळाकुट्ट.

"हा कधीपासून आहे?" तिने हळूच विचारले.

"बहुधा पहिल्या दिवसापासून. त्याला रंग द्यायचं दर वेळी राहून गेलं, म्हणून तो काळाच राहिला, एवढंच. काळ्या पाटीवर कोळशानं लिहिलंस आणि काही उमटत नाही म्हणून चारदा पाटी फोडलीस. अगं, हे यंत्र मुकं आहे. काहीच झालं नाही आणि थोडंसंच चुकलं, हे दोन्ही तुला सारखंच दिसत होतं. नवशिक्यानं आधी आपली चूक डोळ्यांना दिसेल अशी सोय करावी. चित्र त्यानंतर."

आपण चार वेळा बरोबर काढलेले आपल्याच हाताने पुसले, याचे तिला फार वाईट वाटले. मग तिने राहिलेला रंग भरला.

सोमवारी ती कामावर रुजू झाली आणि संध्याकाळी दुसरा पाठ घ्यायला सरांच्या दारात उभी राहिली.

आपणही काही पुसण्याआधी मागचा रंग एकदा बदलून पाहावा.